नेटवर्क उपकरणांचे कॉन्फिगरेशन : चित्ररूप पडदा की लिखित आज्ञा?

राउटर व स्विच यांचे कॉन्फिगरेशन करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत पडद्यावरील चौकटींत खुणा करून व बटणे दाबून बदल केले जातात. दुसरीत आज्ञा टाइप केल्या जातात. विद्यार्थ्यांना प्रथम कोणती शिकवावी, हा प्रश्न संगणक विषयाच्या शिक्षकांपुढे नेहमी येतो. उत्तर देण्यापूर्वी प्रत्येक पद्धतीत चूक कशी होते आणि ती कशी सापडते, हे पाहणे आवश्यक आहे.

समजा, महाविद्यालयाच्या दोन इमारतींतील स्विच एका ट्रंक जोडणीने जोडले आहेत. तिच्यावर कार्यालयाचा व्हीलॅन १० आणि प्रयोगशाळेचा व्हीलॅन २० एवढ्यांनाच परवानगी आहे. आता ग्रंथालयासाठी व्हीलॅन ३० वाढवायचा आहे. सिस्कोच्या स्विचवर त्यासाठी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’ ही आज्ञा आहे. तीतील ‘अ‍ॅड’ हा शब्द राहिला, तर जुनी यादी जाऊन केवळ ३० उरतो आणि कार्यालय व प्रयोगशाळा या दोहोंचा संपर्क तुटतो. आज्ञेची रचना बरोबर असल्यामुळे स्विच ती नाकारत नाही. चित्ररूप पडद्यावर मात्र १० व २० समोर दिसत असतात. त्यामुळे अशी चूक होण्याचा संभव कमी असतो.

मग चित्ररूप पद्धतच श्रेष्ठ मानावी काय? तसे म्हणता येत नाही. पडदा बहुधा आजची स्थिती दाखवतो. काल काय होते, हे त्यावरून कळत नाही. याउलट कॉन्फिगरेशनचा मजकूर वेळोवेळी जतन केला असेल, तर दोन प्रती ताडून बदललेली ओळ लगेच सापडते. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २००२ मध्ये भरवलेल्या कार्यशाळेत नेटवर्क चालवणाऱ्यांनी हीच गरज मांडली. तिचा अहवाल २००३ मध्ये आरएफसी ३५३५ म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे २००६ मध्ये नेटकॉन्फ हे प्रमाणक आले. त्यातील एका ऐच्छिक सोयीनुसार, केलेला बदल ठरावीक मुदतीत पक्का केला नाही, तर उपकरण आपोआप पूर्वस्थितीवर येते. वेगळी मुदत दिली नसल्यास ती दहा मिनिटांची असते.

यावरून प्रात्यक्षिकासाठी एक सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्याने बदल चित्ररूप पडद्यावरून करावा. परंतु बदलापूर्वीची व नंतरची लिखित प्रत काढून ठेवावी. दोन्ही ताडून बदललेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ वहीत लिहावा. वहीत उतरवताना पासवर्ड वगळावेत. गुण द्यायचे ते या स्पष्टीकरणाला द्यावेत. केवळ जोडणी सुरू झाली म्हणून देऊ नयेत. असा सराव झालेला विद्यार्थी उद्या अनोळखी स्विचसमोर बसला, तरी आपण नेमके काय बदलले, हे त्याला सांगता येईल.