माव्याचं हिवाळी बिऱ्हाड

इंग्लंडातला बाकला, म्हणजे आपल्या वालाचा जाडजूड, थंडीतला भाऊबंद. वालावर मळभात मावा पडतो तसा त्याच्यावरही पडतो, फक्त रंगानं मिट्ट काळा. शेंडा काळा दिसला की औषध मारायचं, ही तिकडचीही रीत होती. गेल्या साठ वर्षांत तिथली माणसं फवारण्याआधी मोजायला शिकली.

१९६४ साली हार्टफर्डशरमधल्या रॉथॅमस्टेडला हवा ओढून किडे पकडणारा सापळा उभा राहिला. उंची १२.२ मीटर. वाऱ्यावर कोणता मावा केव्हा निघाला, याची रोजची नोंद तेव्हापासून चालू आहे.

पण खरी मेख होती कुंपणात. हा मावा हिवाळा बाकल्यावर काढतच नाही. स्पिंडल नावाच्या झुडपाच्या कळ्यांशी त्याची काळी, चकचकीत अंडी चिकटलेली असतात. मे-जूनकडे पंख फुटलेली पिढी तिथून शेतात उतरते. इंपीरियल कॉलेजच्या वे आणि कॅमेल या संशोधकांनी १९७०च्या दशकात ती अंडीच मोजली आणि कोणत्या भागात यंदा मावा जोर करणार, हे आधी सांगून दाखवलं. शेतात पाऊल न टाकता शेताचं भविष्य! नाहक फवारणी टळल्यानं मधमाश्यांचाही जीव वाचत होता, कारण मावा येतो ऐन फुलोऱ्यात. परसातले बागकाम करणारे मात्र कोवळा शेंडाच खुडतात. आपण हरभऱ्याचा खुडतो तसा.

मित्रकिड्यांची गोष्ट इतकी सरळ नाही. १९७६च्या वसंतात मावा उदंड, म्हणून ठिपकेदार ढालकिडेही उदंड झाले. मग दुष्काळानं झाडं वाळली, मावा संपला, आणि भुकेले ढालकिडे समुद्रकिनाऱ्यावर माणसांना चावत सुटले. २००४ला एसेक्समध्ये आशियाई हार्लेक्विन ढालकिडा सापडला. तोही मावा खातो, पण स्थानिक ढालकिड्यांची अंडी-अळ्याही सोडत नाही. दोन ठिपक्यांचा ढालकिडा त्यानंतर झपाट्यानं रोडावला. मित्र म्हणायचं की शत्रू?

असाच पेच बाकल्याच्या फुलावरही. लांब जिभेची गुबगुबीत बंबलमाशी फुलात रीतसर शिरते आणि परागीकरण करते. आखूड जिभेची तिची बहीण बुडाशी भोक पाडून मध पळवते. मला ही चोरटी आवडते, काय करणार.

अलीकडे डोकेदुखी आहे ती बाकल्यावरच्या भुंग्याची. आपला कडधान्यातला भुंगा डब्यात वाढत राहतो. हा शेतातच कोवळ्या शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते, आणि साठवलेल्या कोरड्या दाण्यात पुढची पिढी होत नाही. आता मोजायचं ते तापमान: सलग दोन दिवस पारा २० अंशांवर गेला की मादी अंडी घालण्याच्या बेतात आहे असं धरतात. एवढी काळजी, कारण इंग्लंडातला चांगला दाणा जातो इजिप्तला, न्याहारीच्या ‘फूल’ नावाच्या बाकल्याच्या पदार्थासाठी, आणि भोक पडलेला दाणा तिथला व्यापारी बाजूला सारतो. तो मग गुरांच्या खाद्यात जातो.