रोलचा कॅमेरा ते मोबाईल

आपल्या गटातील एका जुन्या ऊस उत्पादकांना तरुणपणापासून फोटोचा नाद. पहिला कॅमेरा आगफा क्लिक-३. एका रोलमध्ये फोटो अवघे १२! रोल धुऊन येईपर्यंत काय उमटले ते कळायचे नाही. म्हणून ऊन कुठल्या बाजूचे, हे पाहूनच बटण दाबायचे.

१९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीचे इंजिनिअर स्टीव्हन सॅसन यांनी बिनरोलचा कॅमेरा बनविला. एक चित्र कॅसेटवर साठायला २३ सेकंद लागत. पुढे याच तंत्राने रोलचा धंदा बसला. २०१२ साली खुद्द कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता आपले हे सभासद मोबाईल वापरतात. उसावर तांबेरा दिसला की पानाच्या खालच्या बाजूचा फोटो लगेच आमच्याकडे धाडतात. सल्ला त्याच दिवशी मिळतो. पण गेल्या साली मोबाईल बिघडला अन् नातवाच्या बारशाचे सगळे फोटो गेले. पेटीतल्या जुन्या निगेटिव्ह मात्र शाबूत!

तेव्हा मंडळी, निवडक फोटो कागदावर काढून घ्या, एक प्रत दुसरीकडे ठेवा. बेण्याचा प्लॉट आपण वेगळा राखतोच की!