दुरून डोंगर साजरे?

‘दुरून डोंगर साजरे’ असे आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. परंतु डोंगर ज्वालामुखीचा असेल, तर ही म्हण नेहमी खरी ठरतेच असे नाही.

८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकी येथे जमीन दुभंगली. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत राहिला आणि सुमारे १२ कोटी टन सल्फर डायॉक्साइड वायू हवेत मिसळला. दोन-तीन आठवड्यांतच दीड हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या इंग्लंडवर कोरडे धुके पसरले. सूर्य तांबडा दिसू लागला. शेतावर राबणारे मजूर आजारी पडत असल्याचे कवी विल्यम कूपर याने पत्रात नमूद केले आहे.

राखेचे जड कण वाटेतच खाली बसतात. गंधकाचा वायू मात्र दूरवर जातो आणि हवेत त्याचे आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही ते बारीक असतात. नाक-घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. उरलेला वायू श्वासनलिका आकुंचित करतो. दमेकऱ्याचे हाल होतात ते यामुळेच.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला विशेष वाटले ते पुराव्याचे. त्या काळी हवा तपासण्याची यंत्रे नव्हती. पण इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये दफनाच्या नोंदवह्या होत्या. संशोधकांनी त्यांची बेरीज मांडली, तेव्हा त्या ऑगस्ट-सप्टेंबरात व पुढील हिवाळ्यात नेहमीपेक्षा हजारो मृत्यू अधिक आढळले. त्यांतील धुक्याचे किती आणि उष्म्याचे वा थंडीचे किती, ही फोड मात्र सोपी नाही.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हेली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. दुसऱ्याच दिवशी त्याचा ढग गुजरात, राजस्थान व दिल्लीवर आला. विमानांची उड्डाणे रद्द झाली. परंतु ढग कित्येक किलोमीटर उंचावरून निघून गेल्यामुळे जमिनीलगतच्या हवेला त्याची फारशी झळ लागली नाही. १७८३ साली मात्र युरोपवरील जास्त दाबाच्या पट्ट्यामुळे उंचावरची हवा खाली बसली आणि तेथेच घात झाला.

तेव्हा वाचकहो, ज्वालामुखी किती दूर आहे एवढेच विचारून भागत नाही. त्याचा धूर किती उंचावर आहे, हेही विचारावे. तो खाली उतरलाच, तर साध्या रुमालावर विसंबू नये. दमेकरी, वृद्ध व मुले यांनी दारे-खिडक्या लावून घरातच थांबावे, हे उत्तम.