‘क्लच गेला’ : इंजिन बदललेल्या मोटारींतील बिघाड आणि त्यांची नावे

बिघाड सांगण्यासाठी मराठीत ‘जाणे’ हे क्रियापद सर्रास योजले जाते. दिवे जातात, फ्यूज जातो, गवयाचा आवाज जातो; त्याच रीतीने मोटारीचा क्लच जातो. हे क्रियापद अकर्मक आहे. वस्तू काम देईनाशी झाली एवढेच ते सांगते. ती कशाने आणि कोणत्या क्रमाने निकामी झाली याविषयी ते मौन पाळते. फणसवाडीतून ऑपेरा हाऊसच्या बाजूस गेले, की केनेडी ब्रिजच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार लागतो. तेथे ‘क्लच गेला’ एवढ्या निदानावर नवी क्लच-प्लेट विकत घेता येते. मूळ इंजिन असलेल्या मोटारीस हे निदान बहुधा पुरते, कारण तेथे दीर्घ वापराने झालेली झीज हेच कारण सहसा संभवते. परंतु मूळ इंजिन काढून त्याजागी अधिक सामर्थ्याचे इंजिन बसवलेल्या मोटारीत, विशेषतः वजनाने हलक्या क्रीडामोटारीत, हेच वाक्य दिशाभूल करते. तेथे त्याच्या आड निदान चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात.

हे बिघाड समजण्यासाठी क्लचची रचना प्रथम पाहावयास हवी. इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि त्याला जोडलेली प्रेशर प्लेट या दोहोंमध्ये क्लच-प्लेट स्प्रिंगांच्या दाबाने पकडलेली असते. ही प्लेट गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टवर बसते. मागील चाके ओढणाऱ्या मोटारीत त्यापुढे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल व हाफ शाफ्ट अशी साखळी चाकांपर्यंत जाते. क्लच-प्लेट केवळ घर्षणाच्या आधारे चालते. म्हणून ती किती पीळ, म्हणजे फिरवणारे बळ, पुढे नेऊ शकेल यास मर्यादा असते. घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब, प्लेटची मध्य त्रिज्या आणि घर्षणाच्या दोन बाजू यांच्या गुणाकाराने ही मर्यादा ठरते. उदाहरणार्थ, घर्षणांक ०.३, दाब ४००० न्यूटन आणि त्रिज्या ८ सेंटिमीटर धरल्यास क्लचची क्षमता १९२ न्यूटन-मीटर येते. क्लचची क्षमता इंजिनाच्या कमाल पिळाच्या सुमारे सव्वा ते दीडपट ठेवण्याचा प्रघात आहे. तेव्हा वरील क्लच १३० ते १५० न्यूटन-मीटरच्या इंजिनास योग्य होय. २०० न्यूटन-मीटरच्या इंजिनापुढे तो टिकणार नाही.

आता चार तक्रारी क्रमाने घेऊ. पहिली : ‘गाडी ओढत नाही.’ इंजिनाचा वेग वाढतो, मोटारीचा वाढत नाही, आणि जळका वास येतो. येथे प्लेट घसरत असते. समजा १८० न्यूटन-मीटर पीळ लागू असताना प्लेट आणि फ्लायव्हील यांच्या वेगात मिनिटास ५०० फेऱ्यांचे अंतर पडले, तर त्या घर्षणातून नऊ किलोवॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. अस्तर जळते, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात. हा बिघाड क्षमतेच्या उणिवेचा आहे. मात्र पेडल पूर्ण परत येत नसल्यास रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते, आणि पुरेशा क्षमतेचा क्लचही तसाच घसरतो. तेव्हा प्लेट बदलण्यापूर्वी पेडलाची मोकळीक तपासणे अगत्याचे ठरते.

दुसरी तक्रार : ‘गिअर पडत नाही.’ ही पहिलीच्या उलट आहे. पेडल दाबूनही प्लेट मोकळी होत नाही. इंजिन एका मोटारीचे, प्रेशर प्लेट दुसरीची आणि रिलीज बेअरिंग तिसरीचे अशी जुळणी केली, की त्यांच्या उंचीचा मेळ बसत नाही. बेअरिंगास पुरेसा पल्ला मिळत नाही. प्लेट फिरतच राहते आणि गिअर बळेच घातल्याने गिअरबॉक्समधील सिंक्रो-रिंगा झिजतात. येथे क्लच-प्लेट निर्दोष असते. म्हणून ती बदलूनही तक्रार कायम राहते.

तिसरी तक्रार : ‘गाडी थरथरते.’ परके इंजिन व मूळ गिअरबॉक्स जोडण्यासाठी मध्ये एक अनुकूलक पत्रा बसवावा लागतो. क्रँक-शाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत असावे लागतात. गेजचा काटा एका फेरीत साधारण ०.१३ मिलिमीटरहून अधिक हलता कामा नये. अंतर याहून वाढल्यास प्रत्येक फेरीस प्लेटचा मध्यभाग वाकवला जातो, त्यातील रिव्हेटी सैल होतात आणि शेवटी तो भाग तडकतो. इंजिनाची बैठक बदलल्याने प्रोपेलर शाफ्टचे कोनही बदलतात. शाफ्टच्या टोकास असणारा क्रॉसचा सांधा तिरकस चालला, तर एका फेरीत दोनदा वेग कमी-अधिक होतो. २० अंशांच्या कोनात तो मूळ वेगाच्या ०.९४ ते १.०६ पटींमध्ये हेलकावतो. दोन्ही टोकांचे कोन समान ठेवून हा दोष परस्पर नाहीसा करता येतो. ते विषम राहिले, तर सांधे व बेअरिंगे अकाली झिजतात.

चौथी तक्रार : ‘खटकन आवाज झाला आणि गाडी जागीच राहिली.’ पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि डिफरन्शिअलचे ४ धरल्यास इंजिनाचा पीळ चाकांशी १४ पट होतो. २०० न्यूटन-मीटरचे २८०० होतात. क्लच एकदम सोडला, तर फ्लायव्हीलमधील साठलेल्या वेगाचा धक्का त्यात मिसळतो. हाफ शाफ्ट पिळवटून तुटतो किंवा क्राऊन व्हील व पिनियन यांचे दात उडतात.

ही चौथी तक्रार पुष्कळदा पहिलीच्या दुरुस्तीतून जन्मते. घसरणारा क्लच बदलून तेथे दुप्पट क्षमतेचा बसवला, की घसरणे थांबते. परंतु अचानक आलेला धक्का घसरून जिरवण्याचा जो गुण त्या क्लचमध्ये होता, तोही जातो. विजेच्या जोडणीतील फ्यूजप्रमाणे क्लच काही अंशी मागील भागांचे रक्षण करीत असतो. फ्यूजच्या जागी जाड तार बसवल्याने दोष जात नाही. तो पुढच्या, अधिक महागड्या दुबळ्या जागी सरकतो. धावत्या मोटारीत हाफ शाफ्ट वा प्रोपेलर शाफ्ट तुटणे हा केवळ खर्चाचा प्रश्न नसतो, जिवाचाही असतो.

इंजिन परके असणे हा मात्र मूलतः दोष नव्हे. गोव्यात बांधलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म आणि दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेची अवंती या दोन्ही क्रीडामोटारींत रेनॉचे इंजिन होते. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये फियाट १२४च्या घडणीत निसानचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवून ‘११८ एनई’ ही मोटार काढली. तेथे निसानचा गिअरबॉक्सही इंजिनाबरोबरच आला. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या मोटारीत फोर्डचे व्ही-आठ इंजिन घातले आणि ‘कोब्रा’ निर्माण झाली. ज्या मोटारीस मुळात दोन लिटरचे इंजिन होते, तीत चार लिटरांहून मोठे इंजिन आल्यावर डिफरन्शिअलही अधिक बळकट घ्यावे लागले. या उदाहरणांत इंजिन हा एकटा भाग न मानता चाकांपर्यंतच्या साखळीची आरंभकडी मानलेली दिसते.

कायद्याची दृष्टीही लक्षात घ्यावयास हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. म्हणून इंजिन बदलण्याचा विचार नोंदणी कार्यालयातील चौकशीपासून सुरू व्हावयास हवा.

कारागिरापुढे मोटार नेणाऱ्याने ‘क्लच गेला’ असे म्हणण्यापेक्षा मोटार ओढत नाही, गिअर घेत नाही, थरथरते की आवाज करून थांबली, हे सांगितल्यास निदानाचे अर्धे काम होते. पहिली तक्रार क्षमतेकडे वा पेडलाकडे, दुसरी पल्ल्याकडे, तिसरी रेषेकडे व कोनाकडे, आणि चौथी साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीकडे बोट दाखवते. पारिभाषिक शब्दांच्या चर्चेत नामांचा विचार पुष्कळ होतो : क्लचला मराठी प्रतिशब्द कोणता, शाफ्टला कोणता. यंत्राचा बिघाड ओळखण्याच्या कामी मात्र बोलीतील ही साधी क्रियापदेच अधिक नेमकी ठरतात, आणि परिभाषेच्या अभ्यासात त्यांची नोंद होणे इष्ट आहे.