पात्र, अपात्र आणि संशोधक

समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण भारतात १९३६ साली मुंबईस सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा होय. तथापि पीएच. डी.साठी संशोधनाकडे वळणारा विद्यार्थी प्रथम शासकीय यादीच हाती घेतो, आणि तेथेच वाट चुकण्याचा संभव असतो.

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी-आत्महत्यांचाच विषय घ्या. २००६ साली केंद्राच्या विशेष साहाय्यासाठी निवडलेल्या विदर्भातील ६ जिल्ह्यांपैकी हा एक. साहाय्याकरिता प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. कुटुंबाच्या नावे शेतजमीन हवी. कर्जही बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे आणि थकलेले हवे. दुसऱ्याची जमीन बटईने कसणारा, नातलगांकडून उसनवारी करणारा या चाळणीतून गळतो. अभ्यासासाठी केवळ पात्र कुटुंबे निवडली, तर शासनाची व्याख्याच निष्कर्षाचे रूप घेऊन परत येते. आणि जिला साहाय्य नाकारले गेले ती विधवा प्रबंधातूनही वगळली जाते. ही उणीव कोणत्याही संख्याशास्त्राने भरून निघत नाही. म्हणून अपात्र प्रकरणांचीही नोंद मागावी. काम कंटाळवाणे आहे खरे!

घरी आलेला माणूस मदत मिळवून देईल, अशी घरच्यांची समजूत होते. तसे नाही, हे प्रश्नावली उघडण्यापूर्वीच त्यांस सांगितले पाहिजे.