गाइडमधला पाऊस

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. तीन-चार विषय दिलेले असतात, त्यांतला एक निवडायचा आणि समोर काहीही न ठेवता, जे पाहिलं आहे त्यातून चित्र उभं करायचं. बाजार, बसथांबा, पावसातली वाट, शेतातलं काम. मालेगाव कॅम्पातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत या पेपरची तयारी चालू होती, तेव्हा मी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर पाहुणा म्हणून बसायचो. चित्रकलेच्या मॅडमची अट एकच होती: मुलं रंगवत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही.

विषय होता पावसाळ्यातील दृश्य. हात सराईत होते. आधी समास आखला, मग डोक्याचा अंडाकार, त्याच्या मापानं खाली शरीर. मोठा माणूस साडेसात डोक्यांचा, हे प्रत्येकाला ठाऊक. मॅडम बाकांमधून फिरत सूचना देत होत्या. ‘फिगर मोठी घे रे.’ ‘बॅकग्राउंडला आधी वॉश दे, मग पुढे ये.’ ‘शेवटची दहा मिनिटं टचिंगला ठेवा.’ तासाअखेर जी चित्रं तयार झाली, त्यांत कागद बदलला तरी चित्र बदलत नव्हतं. डावीकडे पाठमोरा छत्रीवाला, उजवीकडे एका छत्रीत दोन शाळकरी मुलं, मधून वळत जाणारा रस्ता, कौलारू घर, मागे हिरवे डोंगर आणि एक वाकलेलं नारळाचं झाड.

मालेगाव पर्जन्यछायेत आहे. इथे पावसाची वाट पाहिली जाते, ढग आले की गच्चीवरचे कपडे काढायच्या आधी लोक आकाशाकडे बघतात, आणि बरेचदा ढग तसेच पुढे निघून जातात. पाऊस आलाच तर मोसम पुलाच्या कठड्याशी माणसं पाणी बघायला थांबतात. यातलं काहीच कागदावर नव्हतं. कागदावरचा पाऊस बाजारात मिळणाऱ्या गाइडमधला होता आणि तो मुलांनी पाढ्यांसारखा पाठ केला होता.

शाळा मुलांची सर्जनशीलता मारते का, या प्रश्नावर बोलताना आपण बहुधा छडी, गृहपाठ आणि घोकंपट्टी डोळ्यांसमोर आणतो. या वर्गात यातलं काही नव्हतं. मुलं आनंदात होती, मॅडम प्रेमळ होत्या, रंग होते, वेळ होता. तरीही त्या तासाला एकाही मुलानं स्वतः पाहिलेली गोष्ट काढली नाही. मला हे छडीपेक्षा गंभीर वाटतं, कारण छडीचा वळ दिसतो आणि हे कुणाला खुपतही नाही.

मॅडमना मी विचारलं, तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. एलिमेंटरीनंतरच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 वाढीव गुण मिळतात, बीला 5, सीला 3. पालक येतात ते या गुणांसाठी. आणि पाठ केलेल्या चित्राला ग्रेड हमखास मिळते. ‘स्वतःचं काढ म्हणून सांगितलं आणि पोराची ग्रेड गेली, तर त्याच्या आईला मी काय सांगू?’ या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. ज्या घरात दहावीचे सात गुण म्हणजे आयटीआयला हवा तो ट्रेड मिळणं किंवा न मिळणं, त्या घराला कलेच्या स्वातंत्र्याचं प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही.

कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांना दरवर्षी लाखो मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या मांडणीमागे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची सावली आहे. कारखान्यांना नेमक्या हाताचे कारागीर हवे होते, म्हणून चित्रकला शिकवायची, अशी ती दृष्टी. तिचं सगळंच टाकाऊ नाही. हात बसणं ही मोठी गोष्ट आहे. मला या परीक्षेचा भूमितीचा पेपर मनापासून आवडतो: कंपास नीट धरायला शिकलेलं मूल पुढे कुठेही उपयोगी पडतं. आणि निदान ही परीक्षा आहे म्हणून त्या शाळेत चित्रकलेचा तास तरी होतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं आहे. तरी पुष्कळ शाळांत चित्रकलेच्या तासाला गणिताचा धडा पुढे सरकतो.

मग एका शुक्रवारी मॅडमनी दोन तास जोडून घेतले, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढली आणि वर्गातली निम्मी मुलं मोसम नदी ओलांडून एका यंत्रमाग कारखान्यात नेली. शुक्रवार मुद्दाम निवडला होता. त्या दिवशी मालेगावचे माग बंद असतात, त्यामुळे आवाज नसतो आणि पट्ट्याजवळ उभं राहायला भीती नसते. या मुलांनी मागांचा खडखडाट जन्मापासून ऐकलेला, पण आत पाऊल टाकलेली मुलं फार थोडी. नदीच्या अलीकडची मुलं पलीकडे सहसा जात नाहीत, पलीकडची अलीकडे येत नाहीत. त्यांच्या शाळा वेगळ्या, माध्यमं वेगळी, सुट्टीचे वारसुद्धा वेगळे.

आत सगळ्यावर कापसाची तूस बसलेली होती: दिव्यांवर, तारांवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. एक वयस्क कारागीर सुट्टी असूनही आले होते. मुलं त्यांना लगेच चाचा म्हणू लागली. त्यांनी चाकाला हात घालून माग सावकाश फिरवला. राच वर-खाली होऊन ताण्याचे धागे दोन थरांत उघडले. त्या फटीतून कांडी बसवलेला धोटा त्यांनी हातानंच पलीकडे सरकवला, मग फणी पुढे येऊन तो आडवा धागा कापडाला ठोकून बसवते ते दाखवलं. चालू मागावर हेच मिनिटाला शंभराहून जास्त वेळा होतं, हे ऐकून एका मुलीनं हिशेबासाठी बोटं मोजायला सुरुवात केली.

‘आता काढा,’ मॅडम म्हणाल्या. आणि सराईत हात थांबले.

‘मॅडम, याची आउटलाइन कुठून सुरू करू?’ एका मुलानं विचारलं. हा प्रश्न मला त्या सगळ्या काळातला सर्वांत मोलाचा वाटतो. गाइडमधल्या छत्रीला आउटलाइन असते, कारण ती कुणीतरी आधी काढून ठेवलेली असते. मागाला ती नाही. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे तिथे उभ्या असलेल्या मुलालाच ठरवायचं होतं. कुणी सगळाच माग कागदात कोंबायला गेला आणि अडकला. एकानं फक्त धोटा काढला, कागदभर, टोकाच्या लोखंडी सुळक्यासकट. मघाच्या मुलीनं चाचा काढले आणि त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा बराच खाली दाखवला. शेजारणीनं ‘चुकलं’ म्हटलं. तिनं पेन्सिल चाचांकडे रोखली. खांदा खरोखरच खाली होता.

निघताना चाचांनी मुलांना विचारलं, ‘इधर के लड़कोंने फिलिम बनाई थी, मालूम है क्या?’ बहुतेकांना माहीत नव्हतं. गावातलाच नासिर शेख हा व्हिडिओ पार्लर चालवणारा तरुण. रोज सिनेमे दाखवता दाखवता ते कसे जोडले जातात हे त्यानं पाहून पाहून आत्मसात केलं. 2000 साली त्यानं ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला, त्याचा नायक शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा सडपातळ पोरगा. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या 2008च्या माहितीपटानं ही धडपड जगभर नेली आणि 2025मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला.

नासिर शेखही नक्कलच करत होता, आणि ती उघड होती. पण मुंबईचं भांडवल आणि सामग्री हाताशी नव्हती, म्हणून घोड्यांच्या जागी सायकली आल्या. जिथे जिथे मूळ चित्रपटातलं काही मिळालं नाही, तिथे तिथे मालेगाव आत शिरलं. वर्गातल्या नक्कलेत असं काही शिरायला फटच ठेवलेली नाही. नारळाचं झाड मालेगावात सहसा दिसत नाही, पण त्याच्याऐवजी निंब काढायची मुभा मुलाला आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मुलं नक्कल करतात ही तक्रार मला पटत नाही. नक्कल करून मोठी माणसं घडली आहेत. ती करताना आपल्या गावाची, आपल्या घराची अडचण आड यावी लागते, आणि शाळा तीच अडचण दूर करून देते.

पुढच्या तासाला मॅडमनी विषय दिला: घरातलं काम. दाभाडीकडून येणारा एक मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नसे, त्यानं लांबट, जमिनीपासून उचललेलं, फटीफटींचं काहीतरी काढलं. मॅडमनी विचारलं तर तो अहिराणीत म्हणाला, ‘हाई आमनी कांदानी चाळ शे.’ उन्हाळ कांदा निघाला की चाळीत भरतात, भावाची वाट बघत पावसाळाभर ठेवतात आणि मधूनमधून सडलेला वेगळा काढावा लागतो. त्याच्या चित्रात उकिडवी बसलेली आई होती, नाकाला पदर लावलेली. भोवती दोन ढीग, मोठा आणि लहान. सडका ढीग मोठा होता.

आईचे पाय मात्र जमले नव्हते. गुडघे कुठेतरी पोटात गेले होते. मॅडम त्याच्याशेजारी बाकावर बसल्या. खोडरबर त्यांनी हातात घेतला नाही. एका कोऱ्या कागदावर त्यांनी उकिडव्या माणसाचा गुडघा पुढे कसा येतो, मांडी तोकडी कशी दिसते, तेवढंच काढून दाखवलं आणि तो कागद त्याच्याकडे सरकवून त्या उठल्या. त्यानं स्वतःच्या चित्रात आईचे पाय तीनदा पुसले, चौथ्यांदा ठेवले. साडेसात डोक्यांचं माप त्याला महिनोन्‌महिने शिकवलं गेलं होतं. ते कशासाठी असतं, हे त्याला त्या दिवशी उमगलं, कारण त्या दिवशी त्याला ते हवं होतं.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हापासून मराठी शाळांपुढे वेगळ्या वाटेचा नमुना आहे. मॅडमना तो ठाऊक आहे. पण त्यांच्या वर्गाचा पट साठ, तास पस्तीस मिनिटांचा आणि शाळा अनुदानित. त्यांना शाळा बदलायची नाही, परीक्षेच्या आतच जागा करायची आहे. त्यांनी आता प्रत्येकाला साध्या कागदांची वही शिवायला लावली आहे. स्मरणचित्राच्या सरावाला गाइड उघडायचं नाही, ही वही उघडायची. माझं म्हणणं आहे की ग्रेड परीक्षेनंच अशी वही मागवावी आणि तिला गुण द्यावेत. मॅडमना त्यात धोका दिसतो: ‘मग वह्यासुद्धा बाजारात विकत मिळतील.’ तरीही मी आग्रह सोडत नाही, आणि यावर आमचा वाद मिटलेला नाही.

दाभाडीच्या मुलानं परीक्षेत ‘शेतातील काम’ निवडलं आणि चाळच काढली. त्याला बी ग्रेड मिळाली. पाठ केलेला पाऊस काढणाऱ्या काहींना ए मिळाली. त्याचे वडील शाळेत आले, मॅडमनी त्यांना वहीतलं पहिलं चित्र दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, यंदा एवढा सडला नव्हता. मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, गेल्या वर्षीचं आहे.