कॉन्ट्रा नृत्यातील जागा आणि हुद्दे

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ग्रामसभागृहांत फिडल आणि पियानो यांच्या साथीवर कॉन्ट्रा नावाचे जे समूहनृत्य चालते, त्यात परस्परांची ओळखही नसलेली माणसे विनासायास एकत्र नाचू शकतात, याचे श्रेय पदलालित्यापेक्षा त्या नृत्याच्या परिभाषेला अधिक आहे. प्रत्येक क्रियेचा हुकूम सूत्रधार ती सुरू होण्याच्या क्षणभर आधी सोडतो. इतक्या अवधीत साऱ्या सभागृहाला एकदम लागू पडेल असे संबोधन व्यक्तीचे असून भागत नाही, ते जागेचे असावे लागते.

या नृत्याचे मूळ इंग्लंडात आहे. जॉन प्लेफर्ड याने 1651 मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या नृत्यसंग्रहात समोरासमोरच्या दोन लांब ओळींची जी रचना आढळते, तीच पुढे वसाहतवाल्यांबरोबर अटलांटिक ओलांडून गेली. आजही नृत्यारंभी वाद्यवृंदाच्या बाजूपासून दोन-दोन जोडप्यांनी हात धरून चौघांचे कडे करावयाचे, हा दस्तूर आहे. त्या चौघांपैकी वाद्यवृंदाजवळचे जोडपे पहिल्या क्रमांकाचे, दुसरे दुसऱ्या क्रमांकाचे. चौसष्ट मात्रांचे एक आवर्तन संपले, की पहिले एक मुक्काम खाली सरकतात, दुसरे वर. आणि प्रत्येकाला नवा शेजारी लाभतो. जोडीदार मात्र अखेरपर्यंत एकच राहतो, आणि ज्याच्याशी पुनःपुन्हा गाठ पडते अशा तिसऱ्या इसमाला 'शॅडो' म्हणतात.

सर्व पुरुष एका ओळीत आणि सर्व स्त्रिया दुसरीत, ही जुनी मांडणी 'प्रॉपर' होय. पहिल्या जोडप्यांनी आपसांत बाजू बदलल्या, की दोन्ही ओळींत स्त्री-पुरुष एकाआड एक येतात, ती 'इम्प्रॉपर'. एके काळी पहिल्या जोडप्यांना 'कार्यरत' असा दर्जा असे आणि तो नावापुरता नव्हता: 'कोरस जिग'सारख्या जुन्या नृत्यात ओळीबाहेरून जाऊन येणे, मधून उतरून परतणे, हा बहुतेक कारभार त्यांचाच, आणि दुसऱ्यांच्या वाट्याला बव्हंशी उभे राहून वाट पाहणे येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांना सारखे काम देणाऱ्या रचनांकडे कल झुकला, त्यात इम्प्रॉपर मांडणी सर्रास रूढ झाली. हर्बी गोद्रो यांच्या 'बेकेट रील'मुळे तिच्या जोडीला आणखी एक मांडणी आली, जिला मासाचुसेट्समधील बेकेट गावच्या शिबिरावरून नाव मिळाले. तीत जोडीदार एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि समोरच्या जोडप्याशी व्यवहार करतात. तेथे पहिले-दुसरे हा भेद जवळजवळ निरर्थक ठरतो.

क्रमांकांतील विषमता अशी ओसरली, तरी 'जेंट' आणि 'लेडी' ही भूमिकांची नावे टिकून होती. वस्तुतः त्यांचा नृत्यातला अर्थ एवढाच, की गिरकी संपवून दोघे शेजारी उभे राहिले म्हणजे कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे. स्त्रियांनी स्त्रियांबरोबर आणि पुरुषांनी पुरुषांबरोबर नाचणे सर्वमान्य होऊ लागले, तेव्हा ही नावे अडचणीची वाटू लागली आणि अनेक मंडळ्यांनी दोन पक्ष्यांची नावे पत्करली: डावीकडचा 'लार्क' आणि उजवीकडचा 'रॉबिन', कारण इंग्रजीत डाव्या-उजव्याची आद्याक्षरे तीच आहेत. रॉबिनच्या जागी आधी रेव्हन होता. काही ठिकाणी जुनी नावेच चालू आहेत, आणि परंपराप्रिय मंडळींना पक्षी रुचत नाहीत.

त्यांची तक्रार समजण्याजोगी असली, तरी ओळीचा दंडक पाहता ती फारशी टिकत नाही. तळाशी पोहोचलेले पहिले जोडपे एक आवर्तन स्वस्थ उभे राहून, बाजू बदलून, दुसऱ्या क्रमांकाचे बनते आणि उलट प्रवासाला लागते. वरच्या टोकाला दुसऱ्यांचे पहिले होतात. हुद्दा जागेचा असतो, हे ज्या नृत्याने पूर्वीपासून मान्य केले, त्याने भूमिकेलाही तोच न्याय लावला, इतकेच.